रोज बाहेर बोलावणारी परी

निळोली नावाचं एक इवलंसं शहर होतं. एका टोकाला उभं राहून हाक मारली, तर दुसऱ्या टोकाहून कुणीतरी ‘ओ’ द्यावी, एवढंच. तिथे एका खोलीच्या घरात शेवंती आणि तिची आई सगुणा राहायच्या. सगुणा गोधड्या आणि बाळांची दुपटी शिवायची. सकाळी हातात घेतलेली सुई ती दिवेलागणीलाच खाली ठेवायची. शिवून शिवून तिची बोटं आखडली होती आणि डोळ्यांतून सारखं पाणी गळायचं. शेवंती तिचे डोळे ओल्या फडक्याने हळूच पुसायची आणि मनात घाबरायची, ‘आईला दिसेनासं झालं तर?’

एके दुपारी गोधडी पोहोचवून शेवंती गावच्या बागेतून परत येत होती. बोगनवेलीच्या गुलाबी गर्दीत काहीतरी लुकलुकलं. ती वाकून बघते तर काय, बोटाएवढी एक परी! अबोली रंगाचा झगा, दवाच्या थेंबांची माळ, आणि चंदेरी पंख काट्यात अडकून टर्रकन फाटलेला.

“हलू नकोस हं,” शेवंती म्हणाली. फ्रॉकच्या काठाला खोचलेली, दोरा ओवलेली बारीक सुई तिने काढली आणि पंख नाजूक टाक्यांनी शिवून दिला. “दुखलं का गं?”

“छे! गुदगुल्या झाल्या,” परी खुदकन हसली. “आता एक इच्छा माग.”

शेवंती दोन पावलं मागे सरली. कुणी फुकट चिंच दिली तरी आधी ‘का’ विचारायचं, असं आईने तिला शिकवलं होतं.

“त्याच्या बदल्यात तू काय घेणार?”

“काहीच नाही.”

“मग देतेस कशाला?”

“पंख शिवलास म्हणून. माग तर खरं!”

शेवंतीने स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. “माझ्या आईचे डोळे बरे कर. आणि बोटंसुद्धा.”

“होतील हळूहळू. पण नियम आहेत,” परी म्हणाली. “रोज उन्हं कलली की सुई खाली ठेवायची आणि दोघींनी मिळून बाहेर पडायचं. बरोबर काम न्यायचं नाही. दिवे लागेपर्यंत परतायचं नाही. आणि वार नीट ध्यानात ठेव: सोमवार तळ्याचा, मंगळवार टेकडीचा, बुधवार बाजाराचा, गुरुवार बागेचा, शुक्रवार ओढ्याचा, शनिवार माळाचा, आणि रविवार पाय नेतील तिकडचा! एखाद्या दिवशी कुणी एकटीच गेली, तर इच्छा विरघळून जाईल.”

“आणि तिथे जाऊन करायचं काय?”

“काही नाही. बसायचं, बघायचं, वारा खायचा.”

घरी येऊन शेवंतीने सगळं सांगितलं. सगुणाच्या कपाळाला आठी पडली.

“काहीच करायचं नाही? अगं, आपल्याला रोज घराबाहेर काढून हिला काय मिळणार आहे?”

दोघींनी एकदमच खिडकीकडे पाहिलं. तिथे देसाईणबाईंच्या नातीचं दुपटं अर्धवट शिवून ठेवलं होतं. त्याच्या किनारीसाठी बाईंनी स्वतःजवळचा लालभडक रेशमी दोरा दिला होता. तसला दोरा निळोलीत कुठेच मिळत नव्हता. तो गेला तर बाईंचा विश्वास गेला, आणि बाईंच्या शब्दावर तर सगुणाला सगळ्या गावाची कामं मिळत होती.

तरीही आईच्या डोळ्यांसाठी शेवंतीने हट्ट धरला. सोमवारी त्या निघाल्या. खिडकीला गज होते, म्हणून ती उघडी ठेवली. दाराला मात्र कुलूप लावलं आणि उंबऱ्यावर तांदळाची पिठी भुरभुरवली. कुणी पाऊल टाकलंच तर ठसा उमटेल!

तळ्यात सोनेरी लाटा चमचमत होत्या. पांढरेशुभ्र बगळे एका पायावर उभे होते. पण सगुणा सारखी घराकडेच बघत होती. मंगळवारी टेकडीवरून ती आपलं छप्परच शोधत बसली. बुधवारी मात्र बाजारात पिवळ्याधमक झेंडूच्या राशीपाशी ती क्षणभर रेंगाळली. गुरुवारी बागेत दोन खारुताया शेंगेवरून भांडताना पाहून ती चक्क हसली.

“आई, आज तुझे डोळे कोरडे आहेत!” शेवंती ओरडली.

पण घरी येऊन पाहतात तर रेशमाचं रीळ निम्मं झालेलं! उंबऱ्यावरची पिठी जशीच्या तशी होती. खिडकीत मात्र लाल धाग्याचा इवलासा तुकडा चमकत होता.

“परीला उंबरा कशाला लागतो? ती उडते!” सगुणा म्हणाली. “म्हणूनच आपल्याला बाहेर पाठवते ती.”

शेवंतीला रडूच आलं. तिने स्वतःच्या हातांनी त्या परीचा पंख शिवला होता.

शुक्रवारी ती म्हणाली, “आई, आज ओढ्यावर तू एकटी जा. मी लपून बघते.”

“पण तो नियम?”

“चोराचा कसला नियम!”

सगुणा गेली. शेवंती ट्रंकेमागे दबून बसली. थोड्याच वेळात खिडकीत कुणीतरी टुणकन उतरलं. हिरवी पाठ, तांबूस टोपी, उभारलेली शेपटी. एक पिटुकला शिंपी पक्षी! त्याने दोऱ्याचं टोक चोचीत धरलं आणि भुर्रकन उडाला.

शेवंती पळत बाहेर गेली. घरामागच्या सीताफळीची दोन रुंद पानं लाल रेशमाने शिवलेली होती. त्या हिरव्या कप्प्यात कापसावर ठिपक्याठिपक्यांची चिमुकली अंडी निजली होती. दोऱ्याचं एक टोक बाहेर लोंबत होतं. ते ओढलं असतं तर सगळा दोरा परत मिळाला असता. शेवंतीने हात पुढे केला. पक्षी व्याकूळ होऊन तिच्या डोक्याभोवती घिरट्या घालू लागला. तिने हात मागे घेतला.

दिवे लागले तेव्हा सगुणा भिंत चाचपत घरी आली. तिचे डोळे लाल झाले होते आणि पाणी घळाघळा वाहत होतं. इच्छा विरघळली होती.

सकाळी शेवंती देसाईणबाईंकडे गेली. “बाई, तुमचा दोरा शिंपी पक्ष्याने नेला. त्याच्या घरट्यात अंडी आहेत, म्हणून मी तो ओढला नाही.”

“पाखराने नेला?” बाईंनी डोळे बारीक केले. “मला काय खुळी समजतेस? चल, दाखव!”

काठी टेकत बाई आल्या, सगुणालाही त्यांनी घरामागे बोलावलं आणि सीताफळीत डोकावल्या. एकेक टाका त्यांनी निरखून पाहिला.

“अगंबाई!” शेवटी त्या हळूच म्हणाल्या. “सगुणा, याचे टाके तुझ्याहून बारीक आहेत गं! राहू दे. उरलेल्या दोऱ्यात होईल तेवढीच किनार कर.”

मग शेवंती धावत बागेत गेली. परी जाईच्या पानावर बसली होती.

“मी तुला चोर समजले,” शेवंती मान खाली घालून म्हणाली.

“अनोळखी कुणी घराबाहेर काढलं, तर नजर ठेवायलाच हवी,” परी म्हणाली. “पण खरं कळल्यावर तू ते लपवलं नाहीस, आणि त्या घरट्याला धक्काही लावला नाहीस. घे, तुझी इच्छा परत! नियम मात्र तेच.”

त्या दिवसापासून मायलेकींनी एकही वार चुकवला नाही. सुरुवातीला गाव कुजबुजायचं, “रोज कुठे जातात गं या? पुरलेलं धन शोधतात की काय?” काहीजण लपतछपत मागे यायचे, आणि मग तिथेच बसून वारा खायचे. बहरल्या गुलमोहराखाली सगुणाची बोटं सैल झाली आणि डोळे निवळशंख झाले.

एका मंगळवारी टेकडीवर परी त्यांच्यासमोर अलगद उतरली. सगुणाने तिला पहिल्यांदाच पाहिलं, आणि तरीही विचारलंच, “खरं सांग हं बाई, यात तुझा काय फायदा?”

परीने इवलीशी जांभई दिली. “दिवसभर लोकांच्या इच्छा पुऱ्या करून मीसुद्धा दमते हो. आणि एकटीने बसायला करमत नाही.”

“मग आधी नाही का सांगायचं!” सगुणाने दगडावर सरकून जागा केली. “ये, बस.”

तिघी बसल्या. आभाळ केशरी झालं, मग जांभळं. खाली निळोलीत एकेक दिवा लागू लागला, तसा परीचा शीण उतरला आणि ती आतून उजळत गेली. मोत्यासारखी, मग चांदणीसारखी. बघता बघता तिचा नुसता प्रकाश झाला आणि टेकडीभर पसरून विरून गेला.

दिवे कधीच लागले होते. तरी मायलेकी आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिल्या.