अर्ध्या कानाचा देव

नागोजी पाथरवट देवाची मूर्ती घडवायला बसला, की तिचे डोळे कोरून होईपर्यंत तोंडातून अक्षर काढत नसे. आपण गप्प बसल्याशिवाय देव दगडातून बोलत नाही, असं त्याला वाटे. नव्या नवरीला, चिमाला, हे लग्नानंतर कळलं.

भैरवनाथाची मूर्ती निम्मी झाली, तोच रायाजीराव सरदार दारात हजर. लढाईत त्यांचा अर्धा कान गेलेला. पण त्या अर्ध्या कानाची ऐट अख्ख्या कानाहून मोठी.

“नागोजी, देवाला चेहरा आमचा दे. हुबेहूब, या कानासकट! नाहीतर बोटं छाटीन.”

नागोजीची छिन्नी थांबली. मौन मोडवेना आणि मान तुकवेना. शेवटी चिमाच पदर सावरून पुढे आली.

“घडवतील की, सरकार! फक्त एवढं सांगा, मूर्ती कुठल्या डोहात बुडवायची?”

“बुडवायची? आमची मूर्ती?”

“कान तुटलेली मूर्ती म्हणजे खंडित. ती देवळात पुजत नाहीत, पाण्यात सोडतात. आणि कान अख्खा केला, तर ती आपली कशी म्हणायची?”

सरदारांनी पागोटं हळूच कानावर ओढलं. “देवाला देवाचाच चेहरा शोभतो,” म्हणाले आणि घोड्यावर बसले.

मौन सुटल्यावर पहिलं देवाचं नाव घ्यायचं, हा नागोजीचा नेम. या खेपेस मात्र आधी त्याला हसूच फुटलं.