न्हालेल्या बाळाचं न्हाणं

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वयोवृद्ध डॉक्टरीणबाई होत्या. लहान मुलांच्या इस्पितळात त्यांची उभी हयात गेली होती. त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर शिकायला आला. बुद्धीने तल्लख, वृत्तीने सरळ. पण मनात आलं की लगेच ओठांवर, हा त्याचा गुण म्हणा की अवगुण.

त्या इस्पितळात बाळांना न्हाऊ घालण्याची एक खोली होती. पाट, घंगाळ, ऊन पाणी, मऊ पंचे आणि कोपऱ्यात शांतपणे बसलेली एक समुपदेशक ताई. बाळबाळंतिणीच्या न्हाणीघरात आपल्याकडे पुरुषमाणूस पाऊल टाकत नाही. तोच रिवाज इथेही पाळला जाई. बाई मात्र मधूनच एखाद्या बाळाला न्हायला पाठवत. कुणाला पाठवतील, याचा काही मेळ लागत नसे. म्हाताऱ्या माणसाची लहर, असं शिष्याने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. शिकलेल्या माणसाला ठरवून टाकायची घाई फार!

एके सकाळी एक कापडाचा व्यापारी बाळाला लस टोचून घ्यायला आला. माणूस भारी गोडबोल्या. बायको शैलजा, तिच्या कडेवर बाळ, आणि तिचा पदर घट्ट धरून उभी असलेली चार वर्षांची ओवी. शैलजेच्या मनगटावर काळेनिळे वळ होते. कुणी काही विचारायच्या आत व्यापारी हसत म्हणाला, की ही जिन्यावरून पडली, जन्माची वेंधळी आहे. शैलजेला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोच देई. बाप नुसता खाकरला तरी ओवी दचके.

बाईंनी बाळ तपासलं आणि सांगितलं, की लस नंतर, आधी याला न्हाऊ घालायला हवं.

झालं! शिष्याला राहवलं नाही.

"बाई, हे तर आत्ताच न्हाऊन आलंय. काजळसुद्धा वाळलं नाही अजून."

व्यापारी लगेच उठला. मग टोचा आणि मोकळं करा आम्हाला, दुकान उघडायचंय, असं म्हणू लागला. शैलजेने मान खाली घातली. लस टोचून झाली की ती मुलांना घेऊन पुन्हा त्याच घरी, त्याच हाताखाली जाणार होती.

बाई जराही गडबडल्या नाहीत. बाळाच्या मानेच्या वळीतून बोट फिरवून त्यांनी साचलेली पावडर दाखवली आणि घरी न्हाऊ कोण घालतं ते विचारलं. माझी आई, असं व्यापाऱ्याने अभिमानाने सांगितलं. मग सूनबाईंनाही शिकवूनच पाठवते, म्हणत बाईंनी त्याच्यासाठी चहा मागवला आणि मायलेकरांना आत नेऊन दार लावलं. न्हाणीघरात बायकोच्या मागे कोणत्या तोंडाने जाणार? बसला बापडा चहा पीत.

आतून आधी बाळाचं रडणं ऐकू आलं, मग हलक्या आवाजातलं बोलणं. आणि एकाएकी एक मूल खळखळून हसलं. ती ओवी होती. इतका वेळ तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. तांब्याने भावाच्या अंगावर पाणी घालता घालता तिने अख्खा तांब्या डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावर रिता केला होता.

बाई निथळत, हसत बाहेर आल्या, तेव्हा ताईच्या निरोपावरून पोलीस ठाण्यातली हवालदारीणबाई व्यापाऱ्यासमोर येऊन उभी राहिली होती. बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं, की शैलजा आणि मुलं आता इथे इस्पितळातच राहतील, शैलजेची तशी इच्छा आहे. त्याच्या बोलण्यातला गोडवा तिथेच संपला. तो पुष्कळ ओरडला. पण ओरडून करतो काय!

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने हात जोडून विचारलं, की बाई, तुम्हाला हे कसं उमगलं?

बाई केस पुसत म्हणाल्या, "अरे, मारणारा शेजारी उभा असताना विचारलं, तर कुठलीही बाई जिन्यावरूनच पडते. ते खोटं नव्हे, ती तिची सावधगिरी. तिला आधी अशी जागा हवी, जिथे तो येऊ शकत नाही. आणि मुलांना बाहेर ठेवून ती आत यायची नाही, जीव त्यांच्यातच असतो. म्हणून मुलांनाच न्हायला बोलवायचं. बाळाच्या अंगावरून हात फिरत असला की कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, मग मनातलं बोलता येतं. घर सोड, असं आम्ही नाही सांगितलं. मुलांसकट इथे राहता येईल, वकील आहे, आम्ही आहोत, एवढंच ताईने सांगितलं. ठरवलं तिचं तिने. तू काजळ बघितलंस, चांगलं केलंस. उद्यापासून मनगटही बघत जा."

पुढच्या लसीला शैलजा दोन्ही मुलांना घेऊन आली. आता ती मावशीकडे राहत होती. ओवीची बडबड तर फाटकापासूनच ऐकू येत होती. शिष्याने आधी मनगट पाहिलं. तिथे हिरव्या बांगड्या होत्या, वळ नव्हते. तरीही शिकलेला धडा चुकायला नको, म्हणून त्याने मोठ्या गांभीर्याने सांगितलं, की बाळाला आधी न्हाऊ घालायला हवं.

शैलजा हसली.

"नको डॉक्टर. आता मला काय सांगायचं असेल, ते मी इथेच, सगळ्यांसमोर सांगते."

शिष्याचा ऊर भरून आला. ओवीचा चेहरा मात्र पार उतरला. ती बिचारी तांब्यासाठी तर आली होती! ते पाहून बाईंनी पदर खोचला आणि ऊन पाणी आणायला सांगितलं. शिष्य पंचा घेऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत हसण्याचा एकच कल्लोळ उठला होता, आणि या वेळी दार लावायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.