तडकलेली बरणी

एका बंदरावर दोन भाऊ भोताचा व्यापार करत. भोत म्हणजे घोळ माशाच्या पोटातली हवेची पिशवी. ती वाळवली की चिनी लोक औषध म्हणून आवडीने घेतात. गावातल्या चाळीस घरांचं भोत हे दोघेच विकत. थोरल्याचं नाव रघुवीर, धाकट्याचं जनू. दर मार्गशीर्षात लिनशेठ नावाचा चिनी व्यापारी गलबत घेऊन येई. भोताच्या बदल्यात तो चिनी मातीच्या बरण्या आणि रेशीम देई. वीस वर्षांत तो इथली भाषाही शिकला होता.

ते दिवस फार छान होते. रघुवीर ओटीवर चटई टाकी. दोन दिवस नुसता चहा चाले. पाऊस कसा झाला, नातवाला दात आले का, गुडघा दुखतो का, एवढंच बोलणं. जनूचा मागे बसून जीव वर-खाली होई. "दादा, सौदा कधी करायचा?" तो कानाशी कुजबुजे. दादा हसून म्हणे, "चाललाय की. तू ऐकत नाहीस." तिसऱ्या दिवशी चार वाक्यांत भाव ठरे.

मग एका श्रावणात दादा तापाने गेला.

मार्गशीर्षात लिनशेठ नेहमीसारखा आला. सोबत त्याचा जावई आणि कारकून होते. अंगणात गावातले दर्यावर्दी जमले होते. लिनशेठने चहा घेतला आणि विचारलं, "परसातला फणस धरला का यंदा?" दादाबद्दल तो काहीच बोलला नाही. ज्या चटईवर दादा बसायचा, तिच्यावर बसून फणसाच्या गप्पा मारणं जनूला सहन होईना.

"शेठ, फणस राहू दे. भाव बोला," तो म्हणाला आणि स्वतःच उठून शेठने आणलेल्या बरण्या उघडू लागला. तिसरी बरणी तडकलेली निघाली. जनूने ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "माझ्या दादालाही असाच माल देत होता का?"

जावयाने मान खाली घातली. लिनशेठने पेला खाली ठेवला, किंचित हसला आणि म्हणाला, "पाहू." मग तो निघून गेला.

जनूला वाटलं, जिंकलो. त्याने सगळ्यांचा माल धक्क्यावर आणवला. पण तीन दिवस कोणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी गलबतावर पाण्याची पिंपं चढू लागली. शेठ पुढच्या बंदराला निघाला होता. चाळीस घरांची वर्षाची कमाई धक्क्यावर पडून होती. म्हातारी गोदूआत्या म्हणाली, "जनू, रात्रीचं दव पडतंय रे. भोत मऊ झालं तर कोण घेईल?"

जनू घरी येऊन वहिनीवर चिडला. "पाहू म्हणाला होता तो."

"मुलगी बघून गेलेले 'कळवतो' म्हणतात, तेव्हा तू मांडव घालतोस का?" वहिनी म्हणाली. "चारचौघांत 'नाही' म्हणून तुझा पाणउतारा करायचा नव्हता त्याला. तू मात्र त्याचा केलास, तोही जावयासमोर."

"बरणी तडकलेली होती, वहिनी."

"दर वर्षी एखादी असतेच. गलबत हलतं. तुझा दादा सांगायचा ना त्याला. माड दाखवतो म्हणून परसात न्यायचा आणि तिथे सांगायचा. दुसऱ्या दिवशी चांगली बरणी यायची. दोघांपैकी कोणीही तो विषय पुन्हा काढायचं नाही."

"आणि दादा गेला, त्याचं काहीच नाही त्याला?"

"तो फणस कोणी लावला, जनू?"

जनू उठला. होडी घेऊन गलबतावर गेला. जावई, कारकून, खलाशी सगळे तिथेच होते. शेठला बाजूला बोलावून माफी मागणं सोपं होतं. पण अपमान सगळ्यांसमोर झाला होता, म्हणून जनूने मानही सगळ्यांसमोरच द्यायचं ठरवलं. तो शेठच्या पायाशी बसला. चहाचा पेला दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

"शेठ, तुम्ही वडीलधारे. मी तुमच्यापुढे आवाज चढवला. दादा असता तर त्याने मला तिथून उठवलं असतं."

लिनशेठने पेला दोन्ही हातांनी घेतला. जनूने मालाचं नाव काढलं नाही. धक्क्यावर माणसं उभी होती, आणि सौद्याचं विचारावं असं त्याला दहादा वाटलं. तरी त्याने विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"थंडीत दुखतो," शेठ म्हणाला. मग पावसाचा विषय निघाला, नातवाचा निघाला. ऊन कलू लागलं. बऱ्याच वेळाने शेठने आवाज खाली आणून विचारलं, "शेवटी त्याला फार त्रास झाला का?"

"दोन दिवस झाला. मग झोपेत गेला," जनू म्हणाला, आणि श्रावणापासून अडवून धरलेलं रडू त्याला आलं. लिनशेठने जनूचा पेला स्वतःच्या हाताने भरला. मग गलबताच्या तांडेलाला हाक मारली आणि अर्धा ओढलेला नांगर पुन्हा पाण्यात सोडायला सांगितलं.

तात्पर्य: परक्या माणसाशी व्यापार करायचा तर आधी त्याची रीत समजून घ्यावी. त्याची चूक एकांतात सांगावी, त्याचा मान चारचौघांत राखावा, आणि तो जे बोलत नाही तेही ऐकायला शिकावं.