मुहूर्त आणि फाटा

एका आडगावात महिपती नावाचा जीपवाला राहत असे. माणूस म्हणजे गरीब गाय. गावचा रस्ता हमरस्त्याला मिळतो त्या फाट्यावर ‘थांबा’ अशी पाटी होती. बाकीचे तिच्याकडे ढुंकून बघत नसत. महिपती मात्र रोज थांबायचा. लोक हसायचे, हा हसू द्यायचा.

एकदा त्याला वऱ्हाडाची वर्दी मिळाली. मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा. आता आपली वऱ्हाडं कधी वेळेवर निघाली आहेत का? नवरदेव जीपमध्ये बसून राहिला आणि त्याच्या मामांचा फेटा बांधून होईतो साडेअकरा वाजले.

फाट्यावर महिपती थांबला. हमरस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती. मध्ये जरा मोकळं झालं, पण हमरस्त्यावर पुढे पूल होता, त्याच्या पलीकडून एक ट्रक येताना दिसला. भरल्या जीपला एवढं अंतर पुरायचं नाही, हे ओळखून त्याने ट्रक जाऊ दिला. मग पुन्हा रीघ.

मामा करवादले, “अरे, लग्नाला पोचवतोस की बारशाला?”

मागून बँडवाल्यांचा टेम्पो भोंगा वाजवू लागला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बिचाऱ्याला घाम फुटला. चहूकडून बोल खाणार तरी किती? पुन्हा एक ट्रक आला. तो तर पूल ओलांडून अलीकडे पोचला होता. तरी महिपतीने गिअर टाकला आणि जीप पुढे काढली.

नवरदेवाची गोदाआत्या ओरडली, “अरे मेल्या! मघाशी ट्रक पुलापलीकडे होता, तर थांबलास. आता काय ट्रक बारीक झाला, की तुझी जीप?”

महिपतीने करकचून ब्रेक दाबला. ट्रक नाकासमोरून धडधडत गेला. मामांनी दोन्ही हातांनी फेटा घट्ट धरला. मग रस्ता खरोखर मोकळा झाला, तेव्हाच महिपती निघाला.

मांडवात पोचायला साडेबारा झाले. उतरल्याबरोबर मामांना कंठ फुटला, “या महिपतीमुळे मुहूर्त टळला!” महिपती मान खाली घालून उभा राहिला. चूक होता होता राहिली, हे त्यालाही ठाऊक होतं.

गोदाआत्याने मात्र घडलं ते सगळं सांगितलं. नवरीच्या वडिलांचे डोळे भरून आले. महिपतीचा हात धरून ते म्हणाले, “मुहूर्त काय, भटजी दुसरा काढून देतील. जावई कोण काढून देणार होतं?”

आणि त्यांनी महिपतीला पहिल्या पंगतीला बसवलं.

तात्पर्य: थांबून थांबून आपला जीव कंटाळला, म्हणून रस्ता मोकळा होत नाही.