गुरवाघरचा टीव्ही

मठाचं फर्मान निघालं, 'पुजाऱ्याच्या घरात टीव्ही सापडला, तर पूजाही जाईल आणि घरही.' मग खुद्द महंत सोमगिरीच तपासायला निघाले. सदोबा गुरवाच्या दारात येतात तो काय, आत मालिकेतली सासू तावातावाने भांडतेय!

"गुरवा, हे काय तुझ्या घरात?" महंत गरजले.

सदोबाची नजर वरच्या फुटक्या कौलांकडे गेली आणि त्याने शांतपणे हात जोडले.

"माझं घर कुठलं, महाराज? कौलं गळतात म्हणून मी मठात आलो होतो, तेव्हा आपणच म्हणालात, घर देवाचं आहे, त्याचं तो बघेल."

"मग?"

"मग देव बघतोय की! मी आपला नुसता लावून देतो."