पाकातले कच्चे कंद

एकदा एक तरुणी दूरदेशी शिकून आपल्या वृद्ध गुरूंच्या पाठशाळेत शिकवायला परतली. वाटेत तिने मनाशी चित्र रंगवले होते. तळ्याकाठच्या वस्तीतली मुले दारात जमलेली असतील, त्यांचे आईबाप उत्सुकतेने ऐकतील आणि आपण बोलू तसतसा त्यांच्या चेहऱ्यावर उजेड येत जाईल. प्रत्यक्षात पाठशाळेच्या ओसरीवर एक शेळी बसली होती आणि सगळी वस्ती तळ्यात उतरली होती. पाणी ओसरलेले होते. मांड्यांपर्यंत चिखलात उभे राहून, पायांनी चाचपत, बायका आणि पुरुष कमळाचे कंद उपटत होते. मान वर करायला कुणाला सवड नव्हती.

तिचा उत्साह मात्र ओसरला नाही. पाठशाळेतली सर्वांत हुशार म्हणून गुरूंनी कळवलेली मुलगी ज्या बाईची, तिला तिने काठावरूनच हाक मारली.

"ताई, तुमची लेक म्हणजे सोनं आहे! मी तिला मोठ्या शहरात नेईन, खूप शिकवीन. या चिखलात तिला कधी पाय ठेवावा लागणार नाही!"

तळ्यातले हात थांबले. शेजारची एक बाई हसून म्हणाली, "ऐकलंस का गं? सुटली बघ तुझी पोर आपल्यातनं!" मुलीची आई हसली नाही. खाली वाकून तिने पुढचा कंद उपटला.

त्यानंतर मुलगी पाठशाळेत आली नाही. काही दिवसांनी बाई स्वतः आली. दर हंगामाप्रमाणे गुरूंसाठी तिने कंदांची जुडी आणली होती.

"लेक कुठे आहे, ताई?" तरुणीने विचारले.

"मामाकडं धाडली."

"तिथे शाळा आहे?"

"न्हाई," बाई म्हणाली. "पर आईची लाज वाटायला शिकवणारं बी कुणी न्हाई."

गुरूंच्या पाया पडून ती निघून गेली. तरुणी दारातच उभी राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "गुरुजी, मी काय वाईट बोलले? तिच्या मुलीचं भलंच मागितलं ना? एवढं गोड बोलूनही माणसं अशी का वागतात?"

गुरूंनी जुडी तिच्या हाती दिली. "आधी हे शिजव. परदेशात खाल्लेल्या कुठल्याशा गोड प्रकाराचं फार कौतुक सांगत होतीस."

तो प्रकार तिने तिकडे एका मैत्रिणीच्या घरी खाल्ला होता. फळांच्या रसात मुरलेल्या, तुकतुकीत, जिभेवर विरघळणाऱ्या कमळकंदाच्या चकत्या. तिने कंद धुतले, सोलले, चिरले. एरवी हे काम तिने आनंदाने केले असते, आज मनात राग होता आणि घाईही. पातेल्यात चकत्यांबरोबरच तिने गूळ घातला, बोरांचा गर घातला, डाळिंबाचा रस ओतला, आणि झाकण ठेवून चुलीत लाकडे सारली. घरभर वास सुटला. दुपारी झाकण काढले तेव्हा रस आटून चकत्यांवर लालसर झळाळी आली होती.

गुरूंनी एक चकती तोंडात घातली. बराच वेळ ते नुसते चावत राहिले.

"माझे दात उरलेत चार," अखेर ते म्हणाले, "आणि त्यांतल्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही. पण ही चकती तुझ्या दातांनाही दाद देणार नाही."

तिने चावून पाहिली. वरून गोड, आतून कचकचीत.

तेव्हा गुरूंनी एक विचित्र गोष्ट केली. पातेल्यातली सर्वांत सुंदर चकती उचलून त्यांनी ती तांब्यातल्या पाण्याखाली धरली आणि अंगठ्याने चोळचोळून धुतली. लाली गेली, झळाळी गेली. ती फिकट चकती त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली.

"आता खा."

तिने खाल्ली. गोडीचा कणही आत शिरला नव्हता.

"गूळ वाईट नव्हता, पोरी," गुरू म्हणाले. "बोरं, डाळिंबं, सगळं उत्तम होतं. पण कंद कच्चा असताना त्याच्यावर गूळ आणि आंबट पडलं, की तो आवळून बसतो. मग कितीही जाळ घाल. त्याला आधी साध्या पाण्यात, मंद आचेवर, बराच वेळ राहू द्यावं लागतं. त्या वेळात काहीच घडत नाही असं वाटतं. वासही सुटत नाही. पण तो मऊ झाला, की दिलेलं सगळं आत घेतो. तू त्या बाईशी गोडच बोललीस. पण तो गूळही कच्च्या कंदावरच पडला. ज्या चिखलावर तिनं लेक वाढवली, त्या चिखलाजवळ तू घटकाभरही उभी राहिली नव्हतीस, आणि तिला म्हणालीस, यातून तुझ्या लेकीला सोडवते."

ती आशेने म्हणाली, "पुन्हा साध्या पाण्यात घालू का या चकत्या?"

"घाल की. थोड्या नरमतील. पण आधी पाण्यात शिजल्या असत्या तर जशा झाल्या असत्या, तशा आता होणार नाहीत."

गुरूंनी पातेले पुढे ओढले आणि उरलेल्या चकत्या एकेक करून चावायला घेतल्या. ती समोर बसली आणि तिनेही खाल्ल्या. तेवढ्या खाऊन होईपर्यंत दुपार कलली. त्या मुलीच्या हाती पाटी पुन्हा येईल की नाही, हे दोघांपैकी कुणालाही ठाऊक नव्हते.

ज्यांचे भले करायचे त्यांच्यात आधी काही काळ रिकाम्या हाताने राहावे लागते. दुरून पुष्कळ काही घेऊन येणाऱ्या आपल्यासारख्यांना नेमका तेवढाच काळ जड जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठरवले, तळ्यावर जायचे. बोलणे सर्वांसमोर झाले होते, म्हणून क्षमाही सर्वांसमोर मागायची. आणि मुलीला परत बोलवा, असा शब्द तोंडातून काढायचा नाही.