हिवरगडच्या राजाची भूक

"मोत्याचं भस्म झालं, सोन्याचा वर्ख झाला, कस्तुरी झाली! आता काय, हत्तीचं शिंग उगाळून देता?" हिवरगडचे राजे उदाजीराव गरजले.

हत्तीला शिंग नसतं, हे सांगायचा म्हाताऱ्या राजवैद्यांना धीर झाला नाही. दुखणंही नाजूक होतं. राजांचं वय काही उतरलेलं नव्हतं, पण ओढच आटली होती. राणीमहालाकडे पाऊल म्हणून वळत नव्हतं.

तेवढ्यात तटाखालच्या मळ्यातून हसण्याचा आवाज आला. राजांनी सज्जातून वाकून पाहिलं. सुभाना माळी ओंजळीत पाणी घेऊन बायकोच्या मागे धावत होता आणि ती, भिवरा, पदर खोचून विहिरीभोवती पळत होती. चार लेकरांची आई, पण पळणं नव्या नवरीचं!

"बोलवा तिला!" राजे म्हणाले.

भिवरा आली आणि मुजरा करून उभी राहिली.

"नवऱ्याला काय खायला घालतेस गं?"

भिवराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "शेवग्याच्या शेंगा, महाराज. लसणीचा ठेचा, कांदा, तिळाची चटणी, उडदाचं घुटं. झाडाला अंजीर-डाळिंब असलं तर तेही."

"महाराज, मीही हेच सांगत होतो," राजवैद्य हळूच पुटपुटले.

"तर मग करून आण!"

भिवराने मन लावून रांधलं. पण राजवाड्यातलं जेवण ते! आधी चाखणाऱ्याने चाखलं, मग कारभाऱ्यांनी तपासलं, आणि जिने चढून वर जाईतो आमटी थंडगार झाली. राजे एकटेच पाटावर बसले. समोर कारकून सरहद्दीचे तंटे वाचत होता. तंटे संपले, तसं ताटही संपलं. वर सुरईतली मदिरा पोटात गेली आणि राजे तिथेच घोरू लागले.

सकाळी भिवराला पुन्हा बोलावणं आलं.

"लबाड बाई! जेवलो आणि नुसता घोरत पडलो! मुख्य जिन्नस लपवलास!" राजांनी चांदीची झाकणाची वाटी तिच्यापुढे आपटली. "आज दिवस मावळायच्या आत तो या वाटीत घालून आण. तो मला डोळ्यांनी दिसला पाहिजे आणि खाताही आला पाहिजे! नाहीतर मळा नांगरून तिथं हत्तीखाना बांधतो!"

भिवरा घरी आली ती पाय ओढत. शेंगांनी लवलेल्या शेवग्याखाली ती मटकन बसली. मळा राजांचा, पण ही झाडं तिने हाताने लावली होती.

"अगं, थोडा डिंक घाल आणि हिमालयातून आणला म्हणून सांग," सुभाना म्हणाला.

"आणि रात्री पुन्हा घोरले म्हणजे? अहो धनी, जिन्नस चुकलेलाच नाही." बोलता बोलता ती थांबली. मग उठली, फुलांची परडी घेतली आणि थेट राणीमहालात गेली.

"राणीसाहेब, महाराजांबरोबर शेवटचं कधी जेवलात?"

राणी अहिल्यावतींनी फुलं चाचपली. "आठवत नाही गं," त्या म्हणाल्या. मग भिवराने त्यांच्या कानात बरंच काही सांगितलं आणि राणीसाहेब कितीतरी दिवसांनी खुदकन हसल्या.

दुपारी राजांना निरोप गेला: मधल्या वेळचं खाणं नको, सुरईला हात नको, नाहीतर जिन्नस नासेल! राजे चिडले, पण थांबले. संध्याकाळी भिवरा झाकलेली वाटी घेऊन हजर झाली.

"उघड!"

"इथं नाही, महाराज. मळ्यात. आणि पायी चालत. पालखीत हा जिन्नस टिकत नाही!"

राजे गड उतरले. घामाघूम झाले. मळ्यात पोचले, तर चुलीपुढे राणी अहिल्यावती! कपाळावर बटा, गालाला पीठ, हातावर भाकरी.

"तुम्हाला भाकरी येते?"

"माहेरी रोज थापत होते. तुम्ही कधी विचारलंत?"

एकाच ताटात वाफाळती आमटी वाढली गेली. राजांनी कांद्यावर मूठ मारली, कांदा टुणकन निसटला. राणींनी एका बुक्कीत फोडला! शेंग चोखताना आमटीचा शिंतोडा राजांच्या मिशीवर उडाला, तो राणींनी पदराने पुसला.

"कांदा जास्त झाला वाटतं," राजे संकोचून म्हणाले.

"दोघांनीही खाल्लाय. तक्रार कोण करणार?"

राजे हसले आणि हसता हसता त्यांना आठवलं. "अरे, वाटी! जिन्नस राहिलाच की!"

त्यांनी झाकण उचललं. आत काहीच नव्हतं.

"रिकामी! माझी थट्टा?"

सुभानाने डोळे मिटून घेतले. भिवरा मात्र ताठ उभी होती.

"रिकामी कशी, महाराज? हीच तर भूक! भूक डोळ्यांनी दिसली तर अशीच दिसते. काल माझ्या ताटात सगळं होतं, पण वाड्यात हीच नव्हती. आज गडावरून तुम्ही ती बरोबर घेऊन आलात. आता कुठं आहे?"

राजांनी पोटावरून हात फिरवला. "गेली!"

"म्हणजे खाल्लीत की! पोटातली भूक गेली. दुसरी लागली की नाही, ते मी कसं सांगू? राणीसाहेबांना विचारा!"

राणींनी झटकन पदर तोंडावर घेतला. राजांनी त्यांच्याकडे पाहिलं, अन् बघतच राहिले. मग असे गडगडून हसले की शेवग्यावरचे पोपट भर्रकन उडाले!

"भिवरा, हा मळा आजपासून तुझा! लेकरांचा, नातवंडांचा! आणि विहिरीवर उद्याच मोटेची नवी बैलजोडी पाठवतो!"

"महाराज, अंधारायला लागलंय," सुभाना हात जोडून म्हणाला. "पालखी बोलावू?"

"पालखी?" राजांनी राणीसाहेबांचा हात धरला. "पालखीत दोघं मावत नाहीत रे!"